डाव्या तळहातावरचा पत्ता

जिन्याखालच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत यायला उन्हाळ्यात सगळ्यांनाच निमित्त हवं असायचं. बाहेर नांदेडचं ऊन भाजून काढायचं आणि आत कॉलेजचे सर्व्हर थंड राहावेत म्हणून दोन एसी अखंड घरघरत असत. कुणी प्रिंटरची तक्रार घेऊन यायचं, कुणी पासवर्ड विसरल्याचं सांगायचं, आणि काम झालं तरी दाराशी रेंगाळायचं. उज्वला कुणाला हाकलत नसे. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाची आठवण लोकांना एरवी काही बंद पडल्यावरच येते.

वडलांचं सगळं उरकून ती कामावर परतली त्या सकाळी लॅब सांभाळणारा नागसेन आधीच आत खुर्ची टाकून बसला होता.

"मॅडम, ऱ्हायचं होतं की अजून घरी. इथं आम्ही सांभाळूनच राहिलो होतो."

"घरी बसून काय करू? चहा सांगतोस का?"

तो गेला. तिनं दार लोटलं, स्टूल ओढलं आणि यंत्रांच्या उंच लोखंडी मांडणीच्या डोक्यावर, जिथं तारांचा गुंता सुरू होतो तिथं हात घातला. गॉजमध्ये बांधलेली पुरचुंडी ठेवली होती तशीच होती. यंत्रांच्या उबेनं ती कोमट झाली होती, कुणाच्या तरी अंगावरून आत्ताच उतरवल्यासारखी.

आधी तिला हायसं वाटलं. मग लाजेनं कानाच्या पाळ्या तापल्या.

पुरचुंडीत अण्णांचं, तिच्या वडलांचं, इष्टलिंग होतं.

लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. ते त्याचं एकट्याचं. दुसऱ्याचं घ्यायचं नाही, आपलं द्यायचं नाही. माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, तसंच मातीत उतरवतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. घर, दुकान, चष्मा, चप्पल सगळं मागं राहतं. तेवढं एक बरोबर जातं.

अण्णांना लातूरहून नांदेडला तिनंच आणलं होतं. आपल्याजवळ राहतील, आपल्या डोळ्यांसमोर तपासण्या होतील, म्हणून. स्कॅनच्या आधी सिस्टर म्हणाली, अंगावर धातू चालणार नाही. अण्णांनी डबी मुठीत धरून कपाळाला लावली. मग त्यांनी स्वतःच्या हातानं दोरा डोक्यावरून काढला आणि लिंग ठेवलेली ती चांदीची छोटी डबी तिच्या ओंजळीत ठेवली.

"भुईला टेकवू नको. आंगावर ठीव."

"हो अण्णा."

त्याच दुपारी कॉलेजमधून फोन आला. परीक्षा चालू होती आणि नेटवर्क पडलं होतं. अण्णा गुंगीत होते. अर्ध्या तासात येते असं सिस्टरला सांगून ती निघाली. मांडणीच्या मागं वाकून काम करताना गळ्यातली डबी सारखी तारांत अडकत होती. तिनं ती काढली, गॉजमध्ये बांधली आणि सगळ्यांत वर ठेवली. भुईला नाही टेकवली. उंच ठेवली. एवढं तरी केलं, असं ती नंतर स्वतःला सांगत असे. तारा जोडून होतात न होतात तोच दवाखान्यातून फोन आला आणि ती होती तशी धावली.

लातूरच्या घरी अण्णांना भिंतीशी बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात फुलं. ते जप करताना डोळे मिटून बसत तसेच.

"लिंग कुनाकडं हाय?" रामलिंग स्वामींनी विचारलं.

सगळ्या भावकीनं तिच्याकडं पाहिलं. शेवटपर्यंत तीच जवळ होती ना. तिचा हात गळ्याशी गेला, आणि तिथं काही नव्हतं.

"आणते," ती म्हणाली.

नांदेड कुठं, लातूर कुठं. तिनं देवघराचं दार आतून लावून घेतलं. कोनाड्यात तिची स्वतःची डबी होती. हॉस्टेलला गेल्यावर तिनं लिंग काढून ठेवलं ते परत घातलंच नव्हतं. आईनं, अव्वानं, ते जपून ठेवलं होतं आणि इतकी वर्षं रोज त्यावर बेलाचं पान वाहत होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "पोरीच्या वाटची पूजा मी करते. तिला कुठं येळ हाय?"

तिनं डबी उघडली. आतलं लिंग काळं, गुळगुळीत, जांभळाएवढं. अण्णांचंही असंच. वरून पाहिलं तर सगळ्यांचीच सारखी असतात. तिनं ते पांढऱ्या फडक्यात घेतलं, मोकळी डबी बंद करून परत कोनाड्यात ठेवली आणि बाहेर आली.

स्वामींनी अण्णांच्या डाव्या तळहातावर ते ठेवलं आणि एकेक बोट मिटून घेतलं. कुणी काही विचारलं नाही.

त्या रात्री अव्वा एवढंच म्हणाली, "लिंग नीट गेलं न्हवं त्यांच्यासंगं?"

"हो."

"बरं झालं. ज्याचं त्यालाच लागतं, बाई. दुसऱ्याचं चालत न्हाई."

तो "हो" तेव्हापासून तिच्या घशात अडकून होता. अजून वेळ गेली नव्हती. औशाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या शेतात अण्णांच्या डोक्यावर अजून नुसती माती होती. येत्या सोमवारी धाकटा भाऊ मल्लिनाथ त्यावर दगडी चबुतरा बांधून घेणार होता. चबुतरा बसला की समाधीला कुणी हात लावत नाही. तोवर सांगता येण्यासारखं होतं. चुकलं माझं, माती उकरा, ज्याचं त्याला द्या. फक्त तोंड उघडायला हवं होतं.

स्टुलावरून उतरून तिनं गॉज सोडला. दोरा गळ्यात घातला आणि डबी कुर्त्याच्या आत सोडली. नेऊन देईपर्यंत तरी अण्णांचा शब्द पाळावा.

मग लॅपटॉप उघडून ती कामाला बसली.

कॉलेजच्या नेटवर्कमध्ये कुणालाही सहज शिरता येत नसे. प्रत्येक यंत्राच्या अंगात कारखान्यातच एक पत्ता कोरलेला असतो. बारा आकडे-अक्षरांचा, पहिला अर्धा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या एकट्या यंत्राचा. तो पत्ता नोंदवलेला असेल तर दार उघडायचं आणि पडद्यावर नोंदलेल्या नावानं स्वागत व्हायचं. नसेल तर बाहेर.

अण्णा मागच्या थंडीत तिच्या क्वार्टरवर राहायला आले होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, तू दिवसभर करतेस तरी काय? लातूरला त्यांचं बियाण्याचं दुकान होतं. जे समोर ठेवून दाखवता येत नाही त्याला ते काम मानत नसत. तिनं त्यांचा जुना फोन हातात घेऊन समजावलं होतं. भाड्याची खोली बदलली की खोलीचा पत्ता बदलतो, तसा एक पत्ता यंत्राला दर ठिकाणी नवा मिळतो. पण दुसरा एक असतो, तो अंगातला. तो जन्मभर बदलत नाही.

"मंजे लिंगावानी," अण्णा लगेच म्हणाले. "बांधलं की मातीत जाईपर्यंत तेच."

"तसंच."

"आन् एकाचं दुसऱ्याला बांधलं तर?"

"मग नेटवर्क फसतं, अण्णा. नेटवर्कला चेहरा दिसत नाही. पत्ता सांगेल तोच माणूस."

अण्णा पोट धरून हसले होते. "बेकार हाय मग तुमचं नेटवर्क! आमच्या दुकानात तर उधारीवाला आवाजावरनं वळखू येतो."

लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरं उमटली. *स्वागत, अण्णा.*

ती बघत राहिली. त्यांच्या फोनची नोंद तिनंच केली होती. नावही तिनंच टाकलं होतं. पण हा तिचा लॅपटॉप होता.

अशा वेळी घाबरायचं नसतं, शोधायचं असतं. कुणीतरी पोरानं खोडी काढली असेल. दुसऱ्याचा पत्ता आपल्या यंत्राला चिकटवता येतो, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं. तिनं सगळं पुसून परत जोडलं. *स्वागत, अण्णा.* वायफाय बंद करून केबल लावली. केबलचा पत्ता वेगळा असतो. तरीही तेच. कपाटातून पाकीटबंद वायफायचं यंत्र काढलं, दातांनी प्लास्टिक फाडलं. मागच्या चिठ्ठीवर पत्ता छापलेला होता. तिनं तो दोनदा वाचला. लॅपटॉपला जोडल्यावर नेटवर्कला मात्र दुसराच दिसला, अण्णांच्या फोनचा.

नागसेन चहा घेऊन आला. पडदा बघून त्यानं भुवया उंचावल्या.

"मॅडम, सगळ्यांचा पत्ता कट करता करता तुमचाच कट झाला की काय?"

"जरा तू घे. बघ."

त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, परत जोडला. *स्वागत, उज्वला.*

"चालू हाय की."

तिनं तो परत घेतला. *स्वागत, अण्णा.*

नागसेन हसायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. "मॅडम, चहा गार होऊन राहिला," तो म्हणाला, आणि प्रिंटर बघायचा आहे असं सांगून निघून गेला. ज्या खोलीतून उन्हाळ्यात कुणी हलत नसे तिथून.

दुपारी तिनं लातूरला फोन लावला.

"अव्वा, अण्णांचा फोन कुठंय?"

"कपाटात. बंद करून ठिवलाय. का?"

"काही नाही. असंच."

 अव्वानं विचारलं, "जेवलात का?"

अव्वा आयुष्यभर तिला "जेवलीस का" विचारत आली होती. ऐकण्यात चूक झाली असेल, असं म्हणून उज्वलानं फोन ठेवला.

त्या आठवड्यात ती कमी बोलत होती आणि जास्त तपासत होती. हातातलं यंत्र कुठलंही असो, तिच्या हातात असेपर्यंत ते अण्णांच्या पत्त्यानं बोलायचं. दुसऱ्याच्या हातात गेलं की आपल्या मूळ पत्त्यावर यायचं. शेवटी एकच गोष्ट तपासायची राहिली होती. ती टाळत होती.

एका दुपारी तिनं दार लावून घेतलं, डबी गळ्यातून काढली आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवली. लॅपटॉप पुढं ओढला. वायफायचा दिवा हिरवा लुकलुकत होता. शेजारच्या मोठ्या पडद्यावर नेटवर्कला लागलेलं प्रत्येक यंत्र दिसायचं. ग्रंथालयातलं, प्राचार्यांचं, दारावरचा कॅमेरा, सगळं होतं. तिचं कुठंच नव्हतं. नवं म्हणून नव्हतं, अनोळखी म्हणून नव्हतं, अडवलेलं म्हणूनही नव्हतं. ती जिथं बसली होती तिथं नेटवर्कच्या लेखी कुणीच बसलेलं नव्हतं.

तिनं डबी परत गळ्यात घातली. *स्वागत, अण्णा.*

संध्याकाळी मल्लिनाथचा फोन आला.

"अक्का, शेतात आलीस न् सांगितलं बी न्हाईस? दगड बघायला आलीस का? काळजी करू नको, चांगले घेतलेत."

"मी नांदेडला आहे."

"मग तुझा फोन कसा दिसून राहिलाय इथं?"

डुकरांचा आणि विहिरीवरच्या मोटारी पळवणाऱ्यांचा सुळसुळाट झाल्यापासून मल्लिनाथनं शेतात खांबावर कॅमेरा लावला होता. त्यासाठी वायफायचा डबा होता, सिमकार्डावर चालणारा. दिवाळीत तिनंच तो जोडून दिला होता, आणि तिचा फोन त्यावर लागला तेव्हा मल्लिनाथनं हौसेनं त्याला 'अक्का' असं नाव दिलं होतं. नव्या फोनना दर ठिकाणी खोटा पत्ता सांगायची सोय असते. तिनं ती बंद ठेवली होती. तिचा फोन कायम खरा पत्ता सांगायचा.

"कधीपासून दिसतोय?" तिनं विचारलं.

"मी आज बघितलं. रेंज बी फुल्ल हाय. भूत होऊन आलीस का काय?"

"बग असेल काहीतरी."

"बग मंजे किडा न्हवं? मग हाव, इथं लई हायत." तो आपल्याच विनोदावर हसला. "सोमवारी ये मातर. तुझ्याबिगर सुरू करायचं न्हाई म्हनली अव्वा."

तिचा फोन तिच्या कानाला लागलेला होता. तिनं डोळे मिटले. मिटल्यावर तिला पांढरं फडकं दिसलं, आणि त्यावर एकेक करून मिटत गेलेली बोटं. त्या बोटांच्या आत काय आहे हे पृथ्वीवर तिला एकटीला माहीत होतं. आणि आता शेतातल्या त्या डब्याला.

रविवारी तिनं लातूरची एसटी धरली. सांगायचंच, असं ठरवून निघाली होती. लोहा गेलं, अहमदपूर आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. वाक्यं ती मनात जुळवत होती. 'अव्वा, माझ्याकडून एक चूक झाली.' नको. 'अव्वा, गर्दीत माझ्या लक्षात आलं नाही.' तेही खोटं. लक्षात आलं होतं. थांब म्हणणारं कुणी जवळ नव्हतं, एवढंच. चाकूरजवळ रुमाल काढताना पर्समधून तिकीट खाली पडलं. उचलून तिनं पाहिलं. कंडक्टरनं महिलांचं सवलतीचं तिकीट द्यायला हवं होतं. त्यावर ज्येष्ठ नागरिक असं छापलेलं होतं. त्यानं तिच्याकडं मान वर करून पाहिलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं.

दार उघडलं तशी अव्वानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

उज्वलाला ते आधी कळलंच नाही. अव्वा पदर ओढायची ते अण्णा दुकानातून आले की, आणि स्वामी आले की. लेकीसमोर कधी नाही.

"आलात? पाय धुवून घ्या."

"अव्वा, असं काय बोलतेस?"

अव्वा स्वयंपाकघरात गेली होती. चहा आला तो अण्णांच्या पितळी वाटीत, त्यांना लागायचा तसा बिनसाखरेचा. उज्वलानं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. दुःखानं माणसाचं भान सुटतं, तिनं वाचलं होतं. पन्नास वर्षं एकाच माणसाला चहा दिलेला हात, चुकणारच. ती स्वतःशी असं बोलत होती आणि त्याच वेळी तिला दिसत होतं की बाकी सगळ्यात अव्वाचा हात कुठंच चुकत नव्हता. दूध उतू जायच्या आत गॅस बंद झाला. कोथिंबीर निवडून झाली. मल्लिनाथ बाहेरून आला तर त्याला तिनं "हातपाय धू की रे" म्हणून बरोबर दटावलं.

अव्वा भाकरी थापायला बसली तेव्हा उज्वला देवघरात शिरली. कोनाड्यात डबी होती. तिनं ती उघडली.

आत लिंग नव्हतं, ते नसणारच होतं. पण डबी मोकळी नव्हती. आत बेलाचं एक पान होतं. हिरवं, ओलं, आज सकाळचं.

"रोज वाहते मी," अव्वा मागून म्हणाली.

ती दारात उभी होती, पिठाचे हात तसेच अधांतरी धरून.

"तू उघडलीस?"

"रोजच उघडते. त्याशिवाय पान कसं वाहनार?"

म्हणजे मातीहून आल्याच्या दुसऱ्याच सकाळी तिला कळलं होतं. फोनवर, रोज, सगळं माहीत असताना ती जेवणाखाण्याचं विचारत होती. उज्वलाला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी. मग त्या विचाराचीच तिला भीती वाटली.

"अव्वा, मला सांगायचंय. मी—"

"मला नगं," अव्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मातीपाशी चार मानसं व्हती. त्या चार मानसांत सांगा. उद्या."

आणि ती भाकरी उलटायला परत गेली.

सोमवारी सकाळी ऊन चढायच्या आत सगळे शेतात पोचले. तुरीची धसकटं काढून टाकलेल्या रानात एका कोपऱ्याला लिंबाचं झाड, त्याच्या बाजूला मातीचा उंचवटा आणि पलीकडं कॅमेऱ्याचा खांब. भावकीतले पाचसहा जण आले होते. रामलिंग स्वामी सावलीला बसले होते. व्यंकट गवंडी दगड लावून तयार होता. घमेल्यांत माल कालवून ठेवला होता. सिमेंटचा ओला, थंड वास येत होता.

मल्लिनाथ तिच्याजवळ आला आणि त्यानं फोन पुढं धरला. "बघ, तू म्हनतेस किडा."

पडद्यावर दोन नावं होती. कॅमेरा, आणि अक्का. तिनं फोन त्याच्या हातातून घेतला नाही. तो घेतला असता तर त्यावर काय उमटलं असतं ते तिला नको होतं. "तू जरा चालून बघ," ती म्हणाली. "डबा सोडून, इकडं तिकडं. कुठं काय दिसतं ते बघू."

मल्लिनाथ फोन पुढं धरून चालत गेला. खांबापासून लांब गेल्यावर वायफायच्या डब्याची रेंज कमी होत गेली. अक्काची झाली नाही. मातीच्या उंचवट्यापाशी तो थांबला, आणि हसत नव्हता.

"हितं जास्त हाय," तो म्हणाला.

उज्वलाच्या खिशात तिचा फोन होता. तिनं त्याला वरून हात लावून पाहिला.

"माल वाळून चाललाय, मालक," व्यंकट म्हणाला.

स्वामी उठले. उपरणं सावरत उंचवट्यापाशी आले. "बोला मग. सुरू करायचं न्हवं?"

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. त्या दिवशी पाहिलं होतं तसंच, त्याच डोळ्यांनी. अव्वानंही पाहिलं.

डबी छातीला टेकली होती. कोमट होती. तिचा हात कुर्त्यावरून तिच्यावर गेला. आता नुसता दोरा बाहेर ओढायचा. बोलायचीही गरज नव्हती, ओढला की सगळ्यांना कळणार होतं. मग घमेली बाजूला होतील. फावडं येईल. माती उकरली जाईल, मीठ, विभूती, आणि मग ते मिटलेले हात. इतक्या उन्हात, इतक्या दिवसांनी, सगळ्यांच्या देखत. आणि कुणीतरी म्हणेल, शिकलेली पोरगी. आपलं टाकलेलं लिंग बापाच्या हातात कोंबलं. आणि बापाचं?

बापाचं कुठं ठेवलं होतंस, असं विचारतील.

अव्वा वाट बघत होती. तिचे ओठ किंचित हलले, शाळेत लेकरू कविता विसरलं की आईचे हलतात तसे.

"करा," उज्वला म्हणाली.

आवाज घोगरा निघाला. ऐकून स्वामींनी एकदा तिच्याकडं निरखून पाहिलं आणि मान हलवली.

पहिला दगड बसला. व्यंकटनं थापीनं ठोकून तो पातळीत आणला. दुसरा बसला.

अव्वानं नजर वळवली. त्यानंतर तिनं उज्वलाकडं पाहिलं नाही.

ऊन डोक्यावर येईपर्यंत माती दिसेनाशी झाली. सांधे भरले. व्यंकटनं ओल्या पोत्यानं चबुतरा झाकला. स्वामींनी बेल वाहिला. सगळे हात धुऊन आपापल्या गाड्यांकडं निघाले.

मल्लिनाथच्या गाडीशी येऊन अव्वा थांबली. वळून शेताकडं बघत राहिली.

"उज्वला मागंच ऱ्हायली," ती म्हणाली.

"अव्वा, मी इथंच आहे."

अव्वानं डोळ्यांवर हात धरला आणि लिंबाच्या दिशेला पाहिलं. "हाक मारा की तिला. उन्हात बसून ऱ्हाईल पोरगी."

"अव्वा. मी आहे. बघ माझ्याकडं."

अव्वानं पदर पुढं ओढला. अण्णा आले की ओढायची तसा. 

उज्वलानं मल्लिनाथकडं पाहिलं. तो फोन बघत होता.

"ऱ्हाऊ दे, अव्वा," तो वर न बघता म्हणाला. "हाय ती इथंच. फुल्ल रेंज हाय."

त्यानं फोन खिशात घातला आणि गाडीचं पुढचं, डाव्या बाजूचं दार उघडलं. अण्णांची जागा. लहानपणापासून उज्वला मागं बसत आली होती, अव्वाच्या शेजारी, खिडकीला नाक लावून. तो दार धरून उभा राहिला, जरा वाकून.

"बसा," तो म्हणाला.

ती बसली. बसताना तिचा हात आपोआप छातीवरच्या डबीवर गेला, आणि गाडी सुरू व्हायच्या आधी अण्णा करायचे तसे तिचे डोळे क्षणभर मिटले.

मागच्या सीटवर अव्वा ऐसपैस, मधोमध बसली. शेजारी आता कुणी यायचं नव्हतं.